तेवीस लेकरांची नखं

"बोट सरळ धर. अशी आखडून काय घेतेस? नख कापतेय मी, बोट नाही."

मनकर्णेनं मंगलीचा अंगठा चिमटीत घट्ट धरला आणि कात्री चालवली. काळं नख टिचकन तुटून पत्र्याच्या डब्यात पडलं. मागे बावीस जण दोन्ही हात पुढे करून ओळीत उभे होते आणि आपली पाळी आणखी मागे कशी सरकेल या खटपटीत होते.

सोमवारचा पहिला तास सफाईचा. आधी नखं, दात, कान आणि केस. मग पाणी उकळून का प्यायचं, माश्या कुठून उठून कुठे बसतात, शेजाऱ्याच्या दारात घाण का करायची नाही, हे सगळं. शिक्षक घडवणाऱ्या नॉर्मल स्कूलात मिळालेल्या आरोग्याच्या पुस्तिकेनं ते बारा धड्यांत बसवलं होतं. टेंभरटोल्याच्या मुलांच्या अंगात बसवायला बारा वर्षं लागतील असं मनकर्णेला जूनमध्ये वाटलं होतं. आता आश्विन लागला होता, धान लोंबीवर आलं होतं, आणि मुलं निदान नाक पुसायला पळसाचं पान शोधू लागली होती. एवढ्यावरही ती खूश होती.

ती हट्टी आहे, हे तिचं तिलाच मान्य होतं. बाविसाव्या वर्षी नवरा पटकीनं गेला. सकाळी शेताच्या धुऱ्यावर गवत कापत होता, दुसऱ्या दिवशी दुपारी नव्हता. सासरी सगळे देवीचा कोप म्हणाले आणि तिनंही मान डोलावली. पुढे नॉर्मल स्कूलात एका मास्तरांनी विहिरीच्या पाण्याचा थेंब काचेखाली ठेवून दाखवला. त्यातली वळवळ पाहून ती वर्गाबाहेर गेली आणि रडरड रडली. तेव्हापासून घाण दिसली की तिचं डोकं फिरायचं.

"बाई," मंगली डब्यात वाकून पाहत म्हणाली, "ह्याच्यात माहे कोनते?"

"सगळ्यांचे एकत्रच आहेत. तुला काय करायचीत कापलेली नखं?"

मंगली निघाली. पण जागेवर जाऊन बसेपर्यंत तिनं दोनदा वळून डब्याकडे पाहिलं. सगळ्यांचं आटोपल्यावर मनकर्णेनं झाकण दाबून बसवलं, डबा कपाटात ठेवला आणि कुलूप घातलं. पुस्तिकेत तसंच होतं: कापलेली नखे उघड्यावर टाकू नयेत, झाकणाच्या डब्यात साठवून खड्ड्यात पुरावीत. कात्री तिनं स्वतः हाती घेऊन तीनच सोमवार झाले होते, खड्डा खणायला सवड मिळाली नव्हती, म्हणून तेवढी नखं साठली होती.

बुधवारी मंगली आली नाही. तिला हिव भरलंय, असं पोरांनी सांगितलं. मनकर्णा संध्याकाळी हिवतापाच्या, कोयनेलच्या गोळ्या घेऊन तिच्या घरी गेली, तर मंगलीचा बाप सुकलू दाराबाहेरच आडवा उभा राहिला. गोळ्या त्यानं घेतल्या, पण आत ये म्हणाला नाही. गुरुवारी वर्गात चौदा मुलं होती, शुक्रवारी सहा.

शनिवारी तिनं शाळेची घंटा म्हणून टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोले दिले, आणखी दिले, हात दुखेपर्यंत दिले. कोणी आलं नाही. ओसरीवर एक बकरी तेवढी चढून आली, तिला हाकलून मनकर्णा गावात निघाली.

पहिल्याच घरी इसरू अंगणात बसला होता. बाईंना पाहताच त्यानं सवयीनं दोन्ही हात पुढे केले. आतून त्याची आई धावत आली, पोराचे हात धरून तिनं ते स्वतःच्या पदराखाली घेतले आणि पोराला ओढत घरात नेलं. पुढच्या घरी एका पोरीनं मुठी काखेत दाबल्या. तिसऱ्या घरी दारच लागलं. काहीतरी आपल्या हातून झालंय आणि ते या पोरांच्या हातांशी निगडित आहे, एवढं मनकर्णेच्या ध्यानात आलं. पण काय, ते काही केल्या उमजेना.

उमज पाडली देवाजी कोतवालानं. देवाजी गावातला नव्हे, तिकडल्या वडसा भागातला, पण पंधरा वर्षं इथं काढलेला. तो शाळेच्या ओसरीखाली उभा राहिला, वर आला नाही.

"बाई, त्या डब्ब्यात काय हाय?"

"नखं. दुसरं काय असणार?"

"गावातले लेकरं हायेत त्याच्यात, असं लोक म्हणून राह्यले."

मनकर्णेला आधी हसू आलं. देवाजी हसत नव्हता.

"इथी लेकराचं नख मायच कापते," तो म्हणाला, "आन मायच गाडते. कुठी गाडलं थे सासूलेबी सांगत नाई. जावळाचंबी तसंच. कोनाच्या हाती लागलं, तं त्यानं जे मनात आनलं थे होते. आन तुमी तं बाई, तेवीस लेकरायचे नखं कुलपात ठेवले. वरून मंगली पडली बिमार."

"म्हणजे मी करणी केली?"

"मी नाई म्हनत." देवाजीनं मान खाली घातली. "पन बाईमानूस. एकटी. परगावची. आन..." कुंकू नसलेल्या तिच्या कपाळावरून त्यानं नजर काढून घेतली. "दोन-चार दिवस माहेरी जाऊन या. गाडी मी पाहून देतो."

देवाजी गेल्यावर ती ओसरीवर बसली. सगळ्यात आधी राग आला तो गावाचा. एवढं जीव तोडून शिकवावं आणि हे फळ! मग पुस्तिकेचा आला. नखं कशी कापावी, कुठे साठवावी, किती खोल पुरावी, सारं तिनं सांगितलं होतं. ती नखं कोणाची, हे कुठे लिहिलंच नव्हतं. शेवटी तो राग फिरून स्वतःवर आला. मंगलीनं सरळ विचारलं होतं, माझी कोणती म्हणून. आठ वर्षांच्या पोरीनं दार उघडून दिलं होतं आणि आपण ते न पाहताच लोटलं. भीतीही वाटली, नाही असं नाही. अशा बोलण्यावरून बायकांना गावाबाहेर काढल्याच्या गोष्टी तिनं ऐकल्या होत्या, आणि काढण्यावर भागलं नाही अशाही ऐकल्या होत्या. पण माहेरी जायचं म्हणजे, होय, माझंच काम ते, असं कबूल करण्यासारखं होतं. आणि मंगलीचं हिव उतरलं नव्हतं.

तिनं कपाट उघडलं, डबा उजव्या तळहातावर घेतला आणि भर दुपारी गावाच्या मधल्या रस्त्यानं निघाली. पदराखाली काही नाही, सगळ्यांना दिसेल असा. दारांच्या फटी हलल्या. ती जंगूच्या अंगणात पोचली तेव्हा तिच्या मागे पन्नासेक माणसं चार हातांचं अंतर राखून चालत होती.

जंगू म्हणजे गावचा पुजारी आणि मंगलीचा आजा. तो अंगणात बाजेवर बसून सिंदीच्या पानांचा झाडू बांधत होता. दाराआडून मंगलीचं कण्हणं ऐकू येत होतं. सुकलू बापाच्या मागे उभा होता.

मनकर्णेनं डबा जमिनीवर ठेवला आणि झाकण काढलं. शाळेतली भाषा तिनं शाळेतच ठेवली होती. आता ती माहेरच्या बोलीत बोलली.

"जंगूभाऊ, चुकी माही झाली. मले मालूम नव्हतं. हे घ्या, जे हाय थे इतकंच हाय."

जंगूनं डब्यात पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं.

"आमी घेऊन काय करू? ज्याचं त्याले दे. वाट."

गर्दीत कोणीतरी दबकं हसलं. तीन आठवड्यांची, तेवीस जणांची, एकात एक मिसळलेली नखं! पण मनकर्णा हसली नाही. ती जमिनीवर मांडी घालून बसली, गर्दीतल्या देवाजीकडून पळसाची पानं मागून घेतली आणि एकेक नख उचलून पाहू लागली.

"हे इसरूचं. त्याचा अंगठा उखळात चेमटला होता, नख असं पिवळं निघते." एका पानावर ते गेलं. "हे रंभाचं, तिनं पोळ्याले मेंदी लावली होती. हे चैतूचं. दातानं कुरतडते तो, किती सांगतलं तरी. हे बी त्याचंच."

 बायका हळूहळू चार हातांचं अंतर दोन हातांवर आणत जवळ आल्या. तिला ओळखू येत होती, याचं तिचं तिलाच नवल वाटत होतं. जूनपासून रोज तेवीस जोड हात तिनं उलटेपालटे करून पाहिले होते आणि त्यांतले निम्मे नकळत पाठ झाले होते. सात पानं झाली, आठ झाली, नऊ झाली. मग मात्र सारखीच दिसणारी नखं उरली, बारीक, काळी, मुलांची नखं असतात तशी. तिनं एक उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. खुशाल कोणाचंही नाव घेता आलं असतं. खोटं पडताळायला तिथं कोण होतं?

"बाकीचे नाई ओळखू येत," ती म्हणाली. "मंगलीचं कोनतं, थे बी सांगता नाई येत मले."

सुकलूनं श्वास सोडला तो ऐकू आला. जंगू वाकून तिच्या तोंडाकडे पाहत होता.

"करनीवालीचं एक बी नख चुकलं नसतं," तो सावकाश म्हणाला, अर्धं तिला आणि अर्धं गर्दीला. "झोपेतबी नाव सांगतलं असतं तिनं."

गर्दीतून एक हुंकार गेला. मनकर्णेला वाटलं, सुटले. ती उठू लागली, तेवढ्यात जंगूनं हात वर केला.

"पन मिसळले थे मिसळले. आता कोनती माय आपले म्हनून घेईन? एकाच जागी गाडा लागते सारे." त्यानं तिच्या कमरेला खोचलेल्या कात्रीकडे बोट केलं. "त्याच्यात तुमचे टाका."

"माहे?"

"लेकरायचं जे होईन, थे तुमचं होईन. तुमचं जे होईन, थे लेकरायचं. मंग कोनी काई बोलनार नाई."

यात काही नव्हतं. मेलेली नखं ती, कापताना दुखत नाहीत एवढाच त्यांचा गुण. हे ती स्वतः वर्गात सांगायची. तिनं कात्री काढली, डाव्या अंगठ्याला लावली, आणि हात थांबला. का थांबला, ते तिला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही. काचेखालचा थेंब पाहिलेली बाई ती, पण त्या क्षणी कात्री मिटेना, एवढं खरं. पन्नास माणसं पाहत होती. जंगूनं तो थांबलेला हात पाहिला आणि त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी सैल झालं.

तिनं दहाही बोटांची नखं कापली आणि डब्यात टाकली. नऊ पानांवरची वाटलेलीही जंगूनं परत त्यातच ओतली. गावदेवाच्या मोहाच्या झाडाखाली कोपरभर खोल खड्डा करून सगळं एकत्र गेलं. परतताना मनकर्णेनं आयांना सांगितलं, यापुढे नख शाळेत कापीन, पण पळसाच्या पानात बांधून ज्याचं त्याच्या हाती देईन, तुम्ही कुठे गाडायचं ते गाडा. इसरूच्या आईनं मान डोलावली.

"आता मंगलीला दवाखान्यात न्या," मनकर्णा सुकलूला म्हणाली. आलापल्लीच्या वाटेवर, नऊ मैलांवर, लाकडांच्या डेपोपाशी एक दवाखाना होता. "पोटात गोळी ठरत नसेल तर सुई द्यावी लागेल."

सुकलूनं बापाकडे पाहिलं.

"थे नाई," जंगू म्हणाला. "मुखरूले नेलं होतं दवाखान्यात. माहा धाकला भाऊ. गाडी वापस आली, मुखरू नाई आला. माही नात घरी राहीन."

मनकर्णेनं पुढे रेटलं नाही.  भावाची गाडी रिकामी परत आलेली पाहिलेला माणूस तो, त्याच्यापुढे पुस्तिका उघडून काय उपयोग होता.

सोमवारी रुळावर दोनच टोले पडले आणि वीस मुलं आली. एक माय स्वतः पोराचा हात धरून आली आणि सफाईचा तास संपेपर्यंत ओसरीखाली बसून राहिली. मनकर्णेनं माश्यांचा धडा घेतला. मुलं हसली, तिनंही हसून दाखवलं. चित्त सगळं मंगलीच्या जागेकडे होतं. मधल्या सुट्टीत ती जाऊन आली. आज तिला आत जाऊ दिलं. मंगलीनं तिला ओळखलं नाही. ओठ फुटले होते, पोटात चमचाभर पेज ठरत नव्हती आणि डोळे अधूनमधून वर जात होते. जंगू उशाशी बसून मोरपिसांचा जुडगा फिरवत होता. रात्रभर बसला असावा, त्याचे डोळे तांबडे झाले होते. त्याला नातीचं काही वाटत नाही असं म्हणायला जागा नव्हती. गाडीचा शब्द काढताच त्यानं पिसं खाली ठेवली आणि दाराकडे हात केला. सुकलू अंगणात आला आणि कुडाच्या बांबूवर कपाळ टेकून उभा राहिला. "बा हो म्हनाले पायजे," एवढंच म्हणाला.

मनकर्णा शाळेत परत आली. मुलांना अंकलिपी गिरवायला सांगितली आणि खुर्चीत बसली. आजचा दिवस आहे, उद्याचा बहुधा नाही, हे तिला स्पष्ट दिसत होतं. जंगूला समजावणं शक्य नव्हतं. त्याच्याशी भांडणंही शक्य नव्हतं. तो जे मानतो ते सोडून तो एक पाऊल टाकणार नव्हता.

मग तिनं स्वतःच्या हाताच्या कापलेल्या नखांकडे पाहिलं.

दहा मिनिटांनी तिनं देवाजीला बोलावलं. ती शाळेमागच्या तिच्या खोलीत बाजेवर आडवी झाली होती, दुपारच्या उन्हात काळं घोंगडं हनुवटीपर्यंत ओढून.

"देवाजीभाऊ, गावात सांगून या. बाईले हिव भरलं म्हना. लय जोरात भरलं म्हना."

देवाजी तिच्याकडे पाहत राहिला. आत्ता तासाभरापूर्वी ती त्याच्यासमोरून तरातरा चालत गेली होती. त्याच्या तोंडावरून एकेक विचार जाताना दिसला. मग त्यानं पागोटं सारखं केलं.

"किती जोरात म्हनू?"

"तेवीस लेकरायच्या माया धावत येतीन, इतकं."

तो धावतच गेला. पहिल्यांदा एका बाईची हाक ऐकू आली, मग दुसरीची, मग शाळेच्या ओसरीवर नुसती झिम्मड उडाली. ज्या त्या आईनं आपलं पोर ओढून त्याच्या कपाळाला हात लावला. कोणी म्हणालं, इसरूचं अंग कोमट लागते. कोणी म्हणालं, चैतू सकाळपासून जेवला नाही. शनिवारपर्यंत जिच्या सावलीला उभं राहायला गाव तयार नव्हतं, तिच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. एकीनं तिचे तळपाय चोळायला घेतले. मनकर्णा घोंगड्याच्या आत घामानं भिजून निघाली होती. लाजही वाटत होती. या बायांचं भय खरं होतं आणि आपण ते वापरत होतो. पण तिनं डोळे उघडले नाहीत.

"दवाखान्यात न्या लागते बाईले," इसरूची आई ओरडली. "लौकर! जंगूभाऊले बोलवा!"

जंगू आला. लोकांनी वाट दिली. तो बाजेपाशी उभा राहिला.

"दवाखान्यात जाइन मी," मनकर्णा पुटपुटली. "पन एकटी नाई जात. मंगलीले माह्या मांडीवर द्या. आमचं एका जागी गाडलं हाय. ती इथी अशीच राह्यली, तं मी तिथी जाऊन काय बरी होतो?"

 जंगूनं वाकून तिच्या कपाळावर तळहात ठेवला. म्हातारा हात, खरखरीत, आणि गार. तिच्या कपाळाइतकाच. हात हलला नाही. तिनं डोळे उघडले, तर त्याचे तांबडे डोळे तिच्या डोळ्यांवर रोखलेले होते.  दाराशी उभ्या सुकलूनं श्वास रोखून धरला होता.

"लय तापली हाय," जंगू मोठ्यानं म्हणाला. "गाडी जुपा. सुकलू, पोरीले आन."

गाडीत धानाचं तणस पसरलं. मंगलीला मनकर्णेच्या मांडीवर दिलं, तेव्हा ते इवलंसं अंग निखाऱ्यासारखं लागलं. डेपोत सांगायला सुकलू पुढे पळत गेला. कासरा जंगूनं कोणाला दिला नाही. अर्धं गाव नाल्यापर्यंत गाडीबरोबर आलं. नाला ओलांडला, सागाची दाट सावली लागली आणि मागचे आवाज बंद झाले, तसं त्यानं बैलांच्या पाठीवर थाप मारून त्यांना पळतं केलं. तो पुढेच पाहत होता, मागे वळला नाही.

"बाई," तो म्हणाला, "थे घोंगडं पोरीवर टाका. तिले थंडी वाजून राह्यली."